डिझाइन व्यवसायासाठी स्वतंत्र स्टुडिओ: कामाच्या नोंदीपासून पहिल्या प्रिंटपर्यंत

स्टुडिओची जागा ठरवताना सगळे यंत्रांचा विचार करतात. कॉम्प्युटर कुठे, प्रिंटर कुठे, कपाट कुठे. अर्धवट कामाचा विचार मात्र कोणी करत नाही. वाळायला ठेवलेली प्रिंट, ग्राहकाच्या होकारासाठी थांबलेला नमुना, गोंद सुकेपर्यंत वजनाखाली दाबलेला माउंट (बोर्डवर चिकटवलेली प्रिंट), परत पाठवायचे साहित्य, यांना आराखड्यात जागाच नसते. मग ते कटिंग टेबलावर जाऊन बसते, टेबलावरची कापाकापी कॉम्प्युटरशेजारी येते, आणि महिन्याभरात नवी कोरी खोली पुन्हा पसाऱ्याची होते. म्हणून खोलीची मापे घेण्याआधी कामाची मापे घ्या.

दहा दिवसांची नोंद

सध्या जिथे काम करता तिथेच, कामाचे दहा दिवस एक वही जवळ ठेवा. प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहा: काय केले, किती मिनिटे लागली, अवजार कुठून आणावे लागले आणि तयार झालेली वस्तू कुठे ठेवली. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. त्यात "खुर्चीवर", "प्रिंटरच्या झाकणावर", "जमिनीवर भिंतीला टेकवून" अशा नोंदी वारंवार येतात. तेवढ्या थांब्याच्या जागा नव्या खोलीत हव्यात.

मग त्या नोंदीवरून कामाचा प्रवास काढा. छपाईचे काम करणाऱ्यांचा प्रवास साधारण असा असतो: कागद येतो, मुरतो (खोलीच्या हवेशी जुळवून घेतो), छापला जातो, वाळतो, कापला जातो, चिकटवला जातो, त्याचा फोटो निघतो, पॅक होतो, बाहेर जातो. यातल्या मुरणे, वाळणे आणि बाहेर जाण्याची वाट पाहणे या तिन्ही पायऱ्यांत तुमचे हात रिकामे असतात, जागा मात्र अडलेली असते. इंकजेट प्रिंट काचेखाली लावण्याआधी साधारण २४ तास उघडी ठेवावी लागते, नाहीतर शाईतला ओलावा आणि द्रावक काचेच्या आतल्या बाजूला धुक्यासारखे जमतात. दिवसाला सहा प्रिंट काढत असाल, तर सहा प्रिंट आडव्या राहतील एवढी मांडणी (फळ्यांचे उघडे कपाट) आराखड्यात आधी काढा, नंतर बाकीचे.

खोलीची मापे आणि एक प्रत्यक्ष आराखडा

टेपने फक्त लांबी-रुंदी मोजून थांबू नका. दार किती उघडते, खिडकीची खालची कड जमिनीपासून किती उंच आहे, बीम किंवा पाइप कुठे पुढे आला आहे आणि सध्याचे सॉकेट कुठे आहेत, हे सगळे आलेख कागदावर १:२० प्रमाणात उतरवा, म्हणजे कागदावरचे ५ सेंटीमीटर खोलीतल्या १ मीटरला येतील. सामान आत येण्याची वाटही मोजा. १.२ × २.४ मीटरचा प्लायवूड किंवा फोमबोर्ड दारातून जातो, पण जिन्याच्या वळणावर अडतो. तसे असेल तर टेबलाचा वरचा भाग दोन तुकड्यांत करायचा हे सुताराला आधीच सांगावे लागते.

एका माणसाच्या स्टुडिओला ४ × ३ मीटरची खोली पुरते. ४ मीटरच्या बाजूचा हिशेब असा: एका टोकाच्या भिंतीला लागून ७५ सेंटीमीटर रुंदीचे कॉम्प्युटर टेबल, मागे खुर्चीसाठी ९० सेंटीमीटर, मग ९० सेंटीमीटर रुंदीचे कटिंग टेबल, पुढे ८५ सेंटीमीटरची वाट आणि शेवटी समोरच्या भिंतीला ६० सेंटीमीटर रुंदीची मांडणी. बेरीज बरोबर ४०० सेंटीमीटर. कटिंग टेबलाची लांबी १८० सेंटीमीटर धरा आणि त्याचे एक टोक लांब भिंतीला टेकवा. दुसऱ्या टोकाला १२० सेंटीमीटरची जागा मोकळी राहते आणि टेबलाला तीन बाजूंनी हात पोहोचतो. वाट कुठेही ७५ सेंटीमीटरपेक्षा अरुंद करू नका. हातात मोठा बोर्ड असताना माणूस त्याहून जास्तच जागा घेतो.

कागदावरचा आराखडा पटला की वर्तमानपत्रे चिकटवून टेबले आणि कपाटे खऱ्या मापात जमिनीवर पसरा आणि त्यामधून दोन दिवस वावरा. खुर्ची मागे सरकवा, खण उघडल्यासारखे करा, दार पूर्ण उघडा. प्लॉटर (मोठ्या कागदावर छापणारे यंत्र) घेणार असाल तर त्याच्या पुढे कागद बाहेर येण्यासाठी निदान ८० सेंटीमीटर सोडा. त्याची नेहमीची आठवण राहते ती रुंदीची, समोरची जागा विसरली जाते.

ओले, धुळीचे आणि स्वच्छ काम वेगळे

एवढ्याशा खोलीतही चार विभाग मनात स्पष्ट हवेत: पडद्यावरचे काम, हाताचे काम, घाण करणारे काम आणि तयार मालाची स्वच्छ जागा. सँडिंग, स्प्रे, रंगकाम आणि फोम कापणे हे घाणीत मोडते. धूळ प्रिंटरच्या हेडमध्ये जाते आणि ताज्या प्रिंटवरही बसते, म्हणून घाणीचे काम आणि प्रिंटर खोलीच्या विरुद्ध टोकांना ठेवा. ओल्या कामाची जागा पाण्याच्या नळाजवळ. पॅकिंग आणि तयार माल दाराजवळ, म्हणजे माल नेणाऱ्याला आत कटिंग टेबलापर्यंत यावे लागत नाही.

उजेड

पैसा आणि वेळ जपून वापरायचा असेल, तर सर्वांत आधी उजेडावर खर्च करा. टेबल नंतर बदलता येते. चुकीच्या उजेडात ठरवलेला रंग मात्र ग्राहकाच्या हातात गेल्यावर चूक म्हणून समोर येतो.

खिडकीपासून सुरुवात करू. उत्तर गोलार्धात उत्तरेची आणि दक्षिण गोलार्धात दक्षिणेची खिडकी दिवसभर बऱ्यापैकी एकसारखा उजेड देते, कारण तिथून थेट ऊन जवळजवळ येत नाही. तशी खिडकी असेल तर हाताच्या कामाचे टेबल तिच्याजवळ ठेवा. मॉनिटर मात्र खिडकीला काटकोनात असावा. खिडकी पाठीमागे आली तर पडद्यावर प्रतिबिंब पडते, समोर आली तर डोळे दिपतात आणि पडदा अंधुक वाटतो.

दिव्यांचा हिशेब ल्युमेनमध्ये, म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण प्रकाशात करा, वॉटमध्ये नको. डिझाइनच्या कामाला टेबलाच्या पातळीवर साधारण ५०० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला ५०० ल्युमेन हवेत. १२ चौरस मीटरच्या खोलीला ५०० × १२ म्हणजे ६,००० ल्युमेन झाले. पण दिव्यातून निघालेल्या प्रकाशापैकी जवळपास अर्धाच टेबलावर पोहोचतो, बाकीचा भिंती, छत आणि कव्हर खातात. म्हणून १२,००० ल्युमेन धरा, म्हणजे ३,००० ल्युमेनचे चार दिवे. दोन-दोन दिव्यांना वेगळे बटण द्या. कापण्याच्या टेबलावर याशिवाय हलता येणारा दिवा लागतो, कारण छतावरचा दिवा तुमच्या पाठीमागे असेल तर पट्टीच्या कडेवर नेमकी तुमचीच सावली पडते. उजव्या हाताने कापणाऱ्याला प्रकाश डावीकडून हवा.

दिवा विकत घेताना खोक्यावरच्या दोन गोष्टी वाचा. एक केल्विन, म्हणजे प्रकाश किती पिवळसर की निळसर त्याचा आकडा. छापील कामाचा रंग ठरवायचा तर ५,००० केल्विन, कारण छपाई उद्योगात रंग पाहण्याचे प्रमाणित मान, डी५०, त्याच्या जवळ आहे. दुसरी सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा. तो ९० च्या वर हवा. त्यातही एक फसगत आहे: हा आकडा आठ फिकट रंगांच्या सरासरीवरून काढतात आणि त्यात गडद लाल येत नाही. त्या गडद लालसाठी आर९ नावाचा वेगळा आकडा असतो. तो ५० च्या खाली असेल तर लाल, मरून आणि त्वचेचे रंग मेलेले दिसतात. खोक्यावर आर९ नसेल तर उत्पादकाच्या माहितीपत्रकात शोधा.

आयएसओ ३६६४ हे मानक रंगांची काटेकोर तुलना करण्यासाठी २,००० लक्स आणि ग्राहकाला दिसेल तसे पाहण्यासाठी ५०० लक्स सुचवते. सगळ्या खोलीत २,००० लक्स करण्याचे काहीच कारण नाही. मांडणीच्या एका कप्प्यात ५,००० केल्विनचा जोरदार दिवा बसवा, आतून करडा मॅट रंग द्या आणि प्रिंट तपासण्यासाठी तोच कप्पा वापरा. एका प्रकारच्या उजेडात जुळलेले दोन रंग दुसऱ्या प्रकारच्या उजेडात वेगळे दिसू शकतात, म्हणून ग्राहकाला पाठवण्याआधी नमुना खिडकीजवळही धरा आणि पिवळसर घरगुती दिव्याखालीही. कागदाचे पांढरेपणही असेच फसवते. फार शुभ्र कागदात चमक आणणारी द्रव्ये असतात, ती दिवसाच्या उजेडातले अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश परत टाकतात. साध्या एलईडीत अतिनील जवळजवळ नसते, त्यामुळे तोच कागद तिथे मळका वाटतो. अशा वेळी प्रिंटरला दोष देत बसू नका.

मॉनिटर कॅलिब्रेट करताना, म्हणजे त्याचे रंग प्रमाणाला जुळवताना, तो आधी अर्धा तास चालू ठेवा. पडद्याची प्रखरता १२० कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास, रंगतापमान डी६५ (सुमारे ६,५०० केल्विन) आणि गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा ठरवणारे मान) २.२, ही बहुतेक कामांना चालणारी सुरुवात आहे. प्रिंट पडद्यापेक्षा काळवंडलेली येते अशी तक्रार असते तेव्हा बहुधा पडदाच गरजेपेक्षा खूप प्रखर ठेवलेला असतो.

भिंतीचा रंग

आवडीचा पिवळा किंवा तांबूस रंग कामाच्या भिंतीवर लावला, की खोलीतला सगळा उजेड त्या रंगाने माखून टेबलावर येतो. पांढरा कागद शेजारी धरून पाहिला तर लगेच कळते. छत मॅट पांढरे ठेवा, म्हणजे प्रकाश परततो. टेबलावरून आणि मॉनिटरसमोर बसून दिसणाऱ्या भिंती, तसेच तुमच्या पाठीमागची भिंत, फिकट करड्या मॅट रंगाच्या करा. तयार करड्या रंगांत अनेकदा निळसर किंवा हिरवट झाक असते. छायाचित्रकार वापरतात ते ग्रे कार्ड शेजारी धरून दिवसाच्या उजेडात छटा निवडा. व्यवसायाचा ओळखीचा रंग वापरायचाच असेल तर दाराशी, कामाच्या टेबलावरून दिसणार नाही अशा जागी वापरा. रंग तपासण्याच्या दिवशी गडद लाल शर्टही नको, त्याची झाक चकचकीत प्रिंटवर पडते.

कटिंग टेबल

या टेबलाची उंची चुकली की कंबर दुखते, आणि दुखणाऱ्या कमरेने सरळ रेघ कापली जात नाही. नेहमीच्या ७५ सेंटीमीटरच्या टेबलावर उभ्याने कापणे ही सर्रास होणारी चूक. चप्पल-बूट जे घालून काम करता ते घाला, सरळ उभे राहा, कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजा. त्यातून १० ते १५ सेंटीमीटर वजा करा. कोपर १०५ वर असेल तर टेबल ९० ते ९५ सेंटीमीटर. दोघे जण वापरणार असतील तर उंच माणसाच्या मापाने करा आणि दुसऱ्यासाठी पायाखाली फळी ठेवा.

वरचा भाग १८ किंवा १९ मिलिमीटर प्लायवूडचा, खाली लाकडी चौकट आणि मध्ये निदान एक आडवा आधार. टेबल डुलते का हे बघण्यासाठी चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने दोन्ही हातांनी दाब द्या. एका कोपऱ्यावर जराही हलले तर पायाखाली समतल करणारे स्क्रू लावा. कागदाची घडी घालून भागवलेले टेबल आठवड्याभरात पुन्हा हलते.

वर ए१ किंवा त्याहून मोठी, ३ मिलिमीटर जाडीची कटिंग मॅट. ती खिडकीतल्या उन्हात किंवा गरम कपाखाली ठेवली की वाकते आणि पुन्हा नीट सपाट होत नाही. मॅटच्या पलीकडे चारही बाजूंनी १० सेंटीमीटर टेबल उरू द्या, कारण पट्टीची टोके मॅटबाहेर लोंबकळली की पट्टी फिरते. कापताना पट्टी राखायच्या भागावर ठेवा, म्हणजे पाते घसरले तरी टाकाऊ बाजूला जाते. २ मिलिमीटरचा बोर्ड चार-पाच हलक्या फेऱ्यांत कापा. एकाच जोरकस फेरीत पाते तिरके जाते आणि खालची कड वरच्या कडेशी जुळत नाही. शेवटच्या, तयार मालाच्या कापाआधी पात्याचे बोथट टोक मोडून नवे पुढे घ्या. मोडलेली टोके कचऱ्याच्या डब्यात न टाकता झाकणाला फट असलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका आणि तो डबा टेबलालाच स्क्रूने बसवा.

टेबलाखालची जागा मोठ्या कागदांच्या सपाट खणांसाठी आदर्श आहे. ए१ कागद ५९४ × ८४१ मिलिमीटर, म्हणून खणाचे आतले माप निदान ६२ × ८७ सेंटीमीटर हवे. वजनाचा हिशेबही आधीच करा. ए० कागद १ चौरस मीटरचा असतो, ए१ त्याच्या निम्मा. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) एक ए१ कागद १५० ग्रॅम, शंभर कागद १५ किलो. तीन-चार गठ्ठे एकाच खणात ठेवले तर साध्या चॅनलचा (खण सरकतो त्या पट्टीचा) खण पुढे झुकतो आणि मग बंद होत नाही. खण उथळ, ५ सेंटीमीटरचे आणि जास्त संख्येने करून घ्या. चॅनलची भारक्षमता सुताराला विचारून खात्री करा.

कागद, हवा आणि ओलावा

कागद हवेतला ओलावा घेतो आणि सोडतो. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहिली तर तो सपाट राहतो. त्याहून फार कोरड्या हवेत कडा वळतात आणि इंकजेटचे हेड बुजते, दमट हवेत कागद लाटांसारखा होतो आणि प्रिंटरमध्ये दोन-दोन कागद एकदम ओढले जातात. एक साधा आर्द्रतामापक कागदाच्या खणाजवळ ठेवा. नवा कागद वेष्टण न फोडता २४ तास खोलीत ठेवा आणि मगच वापरा. कागद बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. व्हिनाइलचे (स्टिकरसाठीच्या प्लास्टिकचे) रोल उभे किंवा दांड्यावर अडकवून ठेवा. आडवे पडून राहिले तर एका बाजूला दबतात आणि तिथे कटर अडखळतो.

स्प्रे गोंद, रेझिन किंवा लेझर कटर वापरत असाल तर खिडकी उघडी ठेवणे पुरत नाही. ४ × ३ × २.८ मीटर खोलीचे घनफळ ३३.६ घनमीटर आहे. तासाला दहा वेळा हवा बदलायची तर ३३६ घनमीटर प्रति तास क्षमतेचा एक्झॉस्ट लागतो. पाइप आणि वळणे जोर खातात, म्हणून ४५० च्या आसपासचा घ्या. पाइप आखूड आणि आतून गुळगुळीत, वळणे कमीत कमी. बाहेर जाईल तेवढी हवा आत यायलाही वाट हवी. दार-खिडक्या घट्ट बंद असतील तर पंखा नुसता गुरगुरतो. लेझरने पीव्हीसी, व्हिनाइल किंवा पीव्हीसीचे रेक्झीन कधीही कापू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो फुप्फुसांना इजा करतो आणि यंत्राचे धातूचे भाग गंजवतो. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप तापून पेट घेतात. त्या पसरून वाळवा किंवा पाणी घातलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

वीज

प्रत्येक यंत्राचे वॉट लिहून काढा आणि तुमच्या भागातल्या व्होल्टेजने भागा, म्हणजे अँपिअर मिळतात. २३० व्होल्टवर १,८०० वॉटचा हीट प्रेस ७.८ अँपिअर घेतो आणि २,००० वॉटची इस्त्री ८.७. एकत्र १६.५, म्हणजे १६ अँपिअरच्या सर्किटची मर्यादा ओलांडली. एमसीबी (जास्त भाराला वीज तोडणारे बटण) लगेच पडेलच असे नाही, पण वायर तापत राहते, आणि तेच जास्त धोक्याचे आहे. बराच वेळ चालणारा भार सर्किटच्या ८० टक्क्यांपर्यंतच ठेवा. तापणाऱ्या यंत्रांना स्वतंत्र सर्किट, कॉम्प्युटरला वेगळे.

यूपीएसवर फक्त कॉम्प्युटर, मॉनिटर, राउटर आणि बॅकअप ड्राइव्ह. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका, त्याचा फ्यूजर (शाईची पूड तापवून कागदावर चिकटवणारा भाग) तापताना एकदम मोठा प्रवाह ओढतो आणि यूपीएस बंद पडतो. टेबलावरचे सॉकेट पृष्ठभागापासून १० ते १५ सेंटीमीटर वर घ्या. कॉम्प्युटरजवळ आठ सॉकेट, हे जास्त वाटले तरी घ्या. कटिंग टेबलाला वीज भिंतीला टेकलेल्या टोकाकडून आणा, वाटेवरून एक्स्टेंशन नको. अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. भाड्याच्या जागेत एक्झॉस्टचे भोक पाडायला मालकाची लेखी परवानगी लागते, आणि घराच्या विम्यात व्यवसायाची यंत्रे येतातच असे नाही. दोन्ही गोष्टी काम सुरू होण्याआधी विचारा.

कामांचा क्रम

क्रम चुकला की नवा रंग फोडून वायर टाकावी लागते. तो असा ठेवा:

१. खोली रिकामी करून ओल तपासा. ४५ सेंटीमीटर चौरस प्लास्टिक भिंतीवर आणि जमिनीवर चारही कडांनी टेपने चिकटवा, एक दिवस राहू द्या. प्लास्टिकखाली थेंब जमले तर ओल आतून येते आहे. ती थांबवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. विजेच्या आणि नेटवर्कच्या वायरी, त्याच वेळी एक्झॉस्टचे भोक. मोठ्या फाइलींसाठी कॉम्प्युटरपर्यंत कॅट ६ केबल टाका.

३. डागडुजी, प्रायमर, रंग. त्यानंतर आठवडाभर खिडक्या उघड्या. या काळात कागद खोलीत आणू नका, ओल्या भिंतींचा ओलावा तो शोषतो.

४. जमीन. फिकट, गुळगुळीत, पुसता येणारी. पडलेले पाते आणि सुई तिच्यावर दिसते. कटिंग टेबलापाशी उभे राहण्यासाठी जाड रबरी चटई.

५. दिवे, मग जड टेबले, मग यंत्रे.

६. भिंतीवरचे रॅक आणि खुंट्या आठवडाभर काम केल्यानंतर. हात कुठे जातो हे तोवर कळलेले असते.

आवाजाचे काम थोडक्यात होते. खोलीच्या मधोमध टाळी वाजवा. मागोमाग घणघण ऐकू आली तर व्हिडिओ कॉलवर तुमचे बोलणे पोकळ ऐकू जाईल. चुण्यांचा जाड पडदा, भरलेली पुस्तकांची मांडणी आणि खुर्चीखाली गालिचा एवढ्याने मोठा फरक पडतो.

फोटोसाठी वेगळी खोली नको. मांडणीजवळ ८० सेंटीमीटर रुंद टेबल, भिंतीवरून टेबलावर घडी न पडता वळत येणारा पांढरा कागद आणि समोरासमोर दोन सारखे दिवे पुरतात. फोटो काढताना छताचे दिवे बंद करा, नाहीतर दोन रंगांचे प्रकाश मिसळतात आणि ते नंतर एकाच सेटिंगने सुधारत नाहीत.

पहिल्या दिवशी एक पूर्ण काम शेवटपर्यंत न्या: फाइल, प्रिंट, वाळवणे, कापणे, तपासणीचा कप्पा, फोटो, पॅकिंग. जिथे दोन पावले मागे यावे लागते तिथे खडूने खूण करा. पुढचा महिनाभर दिवस संपताना कटिंग टेबलाचा एक फोटो काढा. तीस फोटो शेजारी शेजारी ठेवल्यावर एकच वस्तू पुन:पुन्हा तिथे पडलेली दिसेल. तिच्यासाठी, टेबलापासून हातभर अंतरावर, एक कप्पा करून घ्या.